खांब मोजून दाखवलेला प्लॉट

आमच्या धंद्यात हल्ली रोज कोणीतरी नवीन उगवतं. कालपर्यंत मोबाईलचं दुकान चालवणारा, परवापर्यंत विमा विकणारी, सगळे आता प्लॉटचे एजंट. गाडीवर स्टिकर लावलं, स्टेटसला दोन फोटो टाकले की झालं. मग नगरच्या कुठल्यातरी चहाच्या टपरीवर मला गाठतात आणि म्हणतात, "ताई, तुम्ही पंधरा वर्षं या लाइनीत आहात, दोन टिपा द्या की."

मी देते. मला बोलायला आवडतं आणि फुकटचा चहाही आवडतो. जागा दाखवायची तर मे महिन्यात भर दुपारी दाखवा, कारण आपल्याकडच्या उन्हात जी आवडली ती बारा महिने आवडते. गिऱ्हाइकाच्या बायकोला पहिल्याच फेरीत आणा, नाहीतर दुसरी फेरी ठरलेलीच. पहिली दहा मिनिटं तोंड बंद ठेवा, माणसाला ढेकळं तुडवू द्या. जागेत खोट असेल तर ती आधी आपणच सांगा, शेजारच्या पानवाल्याने सांगण्याची वाट बघू नका. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर एकेकीच्या घरी जाऊन चहा पिऊन या. भाऊ म्हणतो, "त्यांचं काही नाही हो, त्या सही देतील." देतात बरं का, पण कधी ते विचारा!

एवढं सांगून झालं की पोरं खूश होतात आणि बिल देतात. पण एक गोष्ट मी टपरीवर सांगत नाही. पाथर्डीकडच्या एका जोडप्याचं घर माझ्यामुळे भलत्याच माणसाच्या जागेत उभं राहायला लागलं होतं, ती गोष्ट. ती आठवली की अजून माझे कान गरम होतात.

ते दोघं ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून कोल्हापूरच्या बाजूला जायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत यायचं. त्यांची मुलगी तेव्हा सातवीत जाणार होती. दरवर्षी दिवाळीनंतर तिची शाळा सुटायची आणि उन्हाळ्यात मास्तर तिला वरच्या वर्गात ढकलायचे. पोरगी हुशार, पण अर्ध्या वर्षाचं गणित तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. म्हणून त्यांना नागापूरच्या एमआयडीसीजवळ लहानसा प्लॉट हवा होता. दोन खोल्या बांधायच्या, आजी आणि मुलगी तिथे राहतील, आठवीपासून पोरगी पूर्ण वर्ष शाळेत जाईल. एवढाच हिशोब.

माझं ऑफिस म्हणजे माझी स्कूटी. ते दोघं जीपने आले, मी स्टँडवर घ्यायला गेले आणि पुढे रिक्षा केली. मी हजारो गिऱ्हाइकं पाहिली, पण त्या बाईसारखे प्रश्न कुणी विचारले नाहीत. "पानी कवा येतं?" "पोरगी शाळंत चालत गेली तर वाटंत दारूचं दुकान लागतं का?" "शेजारी कोन ऱ्हातं, बायामानसं हायती का?" नवऱ्याने एकच विचारलं, "कागद खरा हाय ना, ताई?"

"दादा, कागदाची काळजी सोडा," मी म्हटलं. आणि खरंच, कागद चोख होता. चार भावांनी आपल्या शेताचे रीतसर एनए करून पाडलेले प्लॉट. रस्त्याच्या एका बाजूला ओळीने एक ते सोळा. त्यातल्या अकरा नंबरवाल्याला विकायचा होता. त्याचा सातबारा मी डोळ्यांत तेल घालून तपासला होता.

फक्त जमिनीवर अकरा नंबर कुठे आहे, ते दाखवायचं राहिलं होतं.

आता तिथली गंमत ऐका. प्लॉट पाडतात तेव्हा प्रत्येकाच्या कोपऱ्यावर नंबर रंगवलेला दगड रोवतात. मग वर्षं जातात. एक दगड मेंढरंवाले चुलीला नेतात, एक कुणाच्या नळाखाली कपडे धुवायला जातो, बाकीचे ट्रॅक्टरखाली. शेवटी उरतं नुसतं गवत आणि बाभळी. नवशिके मोबाईलवर लोकेशन लावून गोल गोल फिरत बसतात. मला त्याचं हसू यायचं. माझी आपली पद्धत होती, विजेचे खांब मोजायचे. त्या ओळीत दर दोन प्लॉटला एक खांब, म्हणजे पाचवा खांब ओलांडला की अकरा नंबर. मी ओळीच्या तोंडाशी असलेल्या फाटकापासून मोठ्याने मोजत निघाले, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि रुबाबात म्हटलं, "ही तुमची जागा."

पुढे दोन प्लॉट सोडून नवीकोरी डीपी बसवलेली दिसत होती. ट्रान्सफॉर्मर हो, तारांच्या जाळीत घूं घूं करणारा. मी दीडेक वर्षात तिकडे फिरकले नव्हते, तेव्हा ती नव्हती. मी लगेच त्याचंही भांडवल केलं. "बघा, डीपी जवळ आहे, लाइटचा त्रास नाही. आणि अगदी चिकटूनही नाही, म्हणजे आवाजाचाही त्रास नाही!"

बाईने पायातली चप्पल काढली, जागेत उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "हितं चूल. हितं पोरीची खिडकी." मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

खरेदी झाली. पावसाळ्यात त्यांनी गवंडी लावला, दोघं स्वतः पाण्याच्या घागरी वाहत होते. दिवाळीपर्यंत जोतं झालं. छान गुडघ्याएवढं दगडी जोतं, दोन खोल्यांचं, चुलीचा कोपरा ठरलेला. मग ते ऊसतोडीला गेले. उन्हाळ्यात येऊन भिंती चढवायच्या, जूनला पोरगी शाळेत. जाताना बाई म्हणाली, "ताई, जाता-येता लक्ष ठेवा." मी म्हटलं, "अहो, माझंच घर समजा."

संक्रांत झाली आणि मला एक फोन आला. आवाज म्हातारा पण खणखणीत. "माझ्या नऊ नंबरमध्ये जोतं कोणी बांधलं?"

गृहस्थ संगमनेरचे, मोजणी खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर लोकांच्या बांधाची भांडणं मोजली, आणि यांच्याच जागेत परक्याचं जोतं! मी तावातावाने गेले. म्हटलं, "साहेब, तुमची काहीतरी चूक होतेय, हा अकरा नंबर आहे. खांब मोजा." त्यांनी पिशवीतून फीत काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि पार फाटकापासून मोजायला लावलं. वाकून वाकून माझी कंबर मोडली. मोजून झाल्यावर जोत्यावर बसले आणि म्हणाले, "नऊ. मॅडम, तुम्ही कशावरून मोजलं होतं?"

झालं असं होतं की डीपी बसवताना लाइनवाल्यांनी फाटकाजवळ एक जादा खांब रोवला होता. माझा पाचवा खांब खरा चौथा होता. आणि खरा अकरा नंबर कुठे? थेट डीपीला चिकटून.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि माझा स्वभाव असा की घाबरले की मी भांडते. लाइनवाल्यांना शिव्या घातल्या. चौघा भावांना फोन करून दगड का सांभाळले नाहीत म्हणून झापलं. गवंड्याला म्हटलं, "तुला कळत नव्हतं का?" तो बिचारा म्हणाला, "ताई, तुमीच चुन्याची फक्की मारून दिली की." घरी येऊन नवऱ्यासमोर तासभर तणतणले. माझा नवरा एमआयडीसीत लेथवर काम करतो, केसाएवढी चूक झाली तर माल परत येतो त्यांचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खांब चालत आला का?"

"अहो, चेष्टा काय करताय!"

"चेष्टा नाही. त्यांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. मला वाटत होतं, आधी मिटवते मग सांगते. साहेबांना म्हटलं, तुम्ही अकरा घ्या, नऊ त्यांना द्या, माप सारखंच आहे, अदलाबदलीचा दस्त करू, सगळा खर्च माझा. त्यांनी डीपीकडे बोट दाखवलं. "त्या घुमणाऱ्या पेटीशेजारी मी म्हातारपण काढू? का? चूक तुमची, जागा माझी." बरोबरच होतं त्यांचं. मेपर्यंत थांबतो म्हणाले, मग जेसीबी आणून जोतं काढणार. निघताना त्यांनी सहज विचारलं, "एक नंबर कुणाचा आहे?"

एक नंबर माझा होता. कोपऱ्याचा, दोन्ही बाजूंनी रस्ता. त्या चार भावांनी दलालीच्या बदल्यात मला दिलेला. पंधरा वर्षं मी लोकांना घरं दाखवत होते आणि स्वतः सावेडीत भाड्याने राहत होते. त्या कोपऱ्यावर घर बांधायचं, खाली छोटं ऑफिस काढायचं, असं आमचं दोघांचं किती वर्षांचं चाललेलं. मी साहेबांना सांगितलं, "तो विकायचा नाही." आणि स्कूटीला किक मारली.

इकडे ऊसतोडीवरून बाईचा फोन यायचा. "ताई, जोतं बरं हाय ना? पानी मारतंय ना कुनी?" मी म्हणायचे, "सगळं ठीक आहे." दोनदा म्हटलं तसं. खोटं बोलून फोन ठेवला की मला जेवण जायचं नाही.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा नवरा समोर बसला होता. मी उचलला नाही. तो म्हणाला, "ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. जा तिकडे." मी म्हटलं, "एवढ्या लांब?" तो म्हणाला, "ते जातातच की दरवर्षी."

गेले. तीन एसट्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या फडावर पोचले. उसाच्या पाचटाने सगळं अंग खाजत होतं. ती दोघं मोळ्या बांधत होती. मला बघून बाई इतकी खूश झाली की तिने कोयता ठेवून आधी तीन दगडांवर चहाच ठेवला. "ताई, एवढ्या लांबून आमाला भेटाया आल्या?" मुलगी पण तिथेच होती, लहानग्या भावंडाला सावलीत धरून बसलेली. तिच्या मांडीवर आईचा मोबाईल होता. त्यात जोत्याचा फोटो.

मी चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. आधी बोलले. खांब, नऊ, अकरा, साहेब, जेसीबी, सगळं. खोटं बोलले होते तेही सांगितलं.

तो दादा मोळीवर बसला आणि तळहाताकडे बघत राहिला. बाई मात्र उठली. "ताई, तुमी शिकलेल्या ना? आमी अंगठा द्यायचा का सही, ती बी तुमाला इचारून क्येली. तुमी बोट दावलं, आमी तितं दगड रचले. सोताच्या हातानं रचले. आता ते जेसीबीनं काडायचे?" तिचा आवाज चढला होता, बाकीच्या तोडणीवाल्या बाया बघायला लागल्या. "पोरीला म्या काय सांगू? तिनं तिची खिडकी बी काडून ठिवलीया कागदावर."

एरवी मी कुणाचा एक शब्द ऐकून घेत नाही. त्या दिवशी मान खाली घालून सगळं ऐकलं, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मला रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली. शेवटी मी एवढंच म्हटलं, "बाई, जोत्याचा एक दगड हलणार नाही. मी सांगते." कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणजे माहीत होतं, पण मनात आणायचं नव्हतं. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून तेच चालू होतं. कोपऱ्याचा प्लॉट! दोन्हीकडून रस्ता! असा पुन्हा मिळायचा नाही. फलटण आलं तरी माझं ठरेना. मग मी साधा हिशोब केला. एक नंबर साहेबांना दिला तर ते नऊ सोडतील. नऊ त्या दोघांना जाईल. आणि त्यांचा अकरा मला येईल. म्हणजे मला जागा राहतेच. फक्त डीपीला चिकटून.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं आणि भांडायच्या तयारीने कंबरेला पदर खोचला. तो म्हणाला, "मी आठ तास मशीनचा आवाज ऐकतो. घरी शांतता असली तर झोप येत नाही." बस, एवढंच. मला वाटलं होतं तो दोन दिवस तरी रुसेल. मग मीच दोन दिवस रुसले.

साहेबांनी होकार दिला, पण आधी एक नंबर स्वतः मोजला. दोनदा! दुसऱ्यांदा मोजताना म्हणाले, "मॅडम, चार इंच कमी भरतोय." मी म्हटलं, "साहेब, चार इंच मी तुम्हाला उचलून आणून देते, पण आता सही करा." ते पहिल्यांदाच हसले. मग त्यांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी ओळीतले सोळाच्या सोळा प्लॉट मोजले आणि प्रत्येक कोपऱ्यावर सिमेंटचा खांब पुरून घेतला. उन्हात टोपी घालून, माझ्याकडून फीत धरवून घेत. त्या चार दिवसांत मी जे शिकले ते पंधरा वर्षांत शिकले नव्हते.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, ते दोघं आले आणि आम्ही सगळे रजिस्ट्रेशनला बसलो. दोन दस्त, अंगठे, फोटो. बाई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. सगळं झाल्यावर बाहेर लिंबाखाली आलो तेव्हा तिने विचारलं, "तुमचा अकरा नंबर म्हंजी आमच्यापून किती?"

"मधे एक सोडून. दहा रिकामाच आहे."

"बांदनार कवा?"

"बघू," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी."

"पुडच्या वर्षी न्हाई." तिने पदर डोक्यावर ओढला. "दिवाळी झाली की आमी परत जानार. म्हातारीला नीट दिसत न्हाई. पोर मोठी व्हायला लागली. मला लई घोर लागलाय, ताई. तुमी शेजारी आल्या तर मी निवांत जाईन."

मला वाटलं होतं ही जन्मात माझं तोंड बघणार नाही, आणि ही मला पोरगी सांभाळायला सांगत होती. माझा नवरा बाजूला उभा होता, तोच म्हणाला, "दसऱ्याला येतो राहायला."

दसरा हुकला, पण दिवाळीच्या आधी आठ दिवस आलो. नुसतं प्लॅस्टर झालेलं, रंग नाही. त्यांच्या भिंती उन्हाळ्यातच चढल्या होत्या आणि मुलगी जूनपासून शाळेत जात होती. दिवाळी झाली, ट्रक आला, ते दोघं गेले. डीपी रात्रंदिवस घुमते. नवरा गाढ झोपतो. माझ्याकडे आलेली गिऱ्हाइकं "काय हो हा आवाज" म्हणायच्या आत मी ती खोट आपणहून सांगून टाकते.

आणि रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला फडावरून फोन येतो. मागून ट्रॅक्टरचा आवाज, कुणाची तरी हाक. बाई बाकी काही विचारत नाही. "ताई, आली का?"

माझ्या खिडकीतून त्यांचं दार दिसतं. दप्तर ओट्यावर दिसत असतं, आत भांड्याचा आवाज येत असतो. बसल्या जागेवरून सांगता येईल. पण मी तिला "थांबा हं" म्हणते, चपला घालते, दहा नंबर ओलांडून जाते, पोरीला डोळ्यांनी बघते आणि मग सांगते, "आली."